शिमग्याचे बाबत कोर्टात भरले

आमच्या घराण्यातील एका जुन्या अब्रूनुकसानीच्या दाव्याचे कागद शोधण्याचे काम मी एप्रिल २०२२ मध्ये सुरू केले आणि मार्च २०२४ मध्ये ते एका टप्प्याला आणून ठेवले. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, वकील तर नाहीच. चौतीस वर्षे एका बँकेत हिशेब तपासण्याची नोकरी करून निवृत्त झाले आहे. मोडी वाचता येत नव्हती आणि न्यायालयाच्या आवारात त्याआधी एकदाच, एका प्रतिज्ञापत्रासाठी, पाऊल ठेवले होते. असे काम हाती घेणाऱ्या एखाद्याला पहिल्या सहा महिन्यांत जो हताशपणा येतो, तो थोडा कमी व्हावा म्हणून हे क्रमाने लिहून ठेवते आहे. माणसांची आणि गावाची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण दोन्ही बाजूंचे वंशज त्याच वाडीत राहतात आणि एकाच पिठाच्या गिरणीवर जातात.

कोकणातील आमच्या घराची कौले उतरवून वासे बदलण्याचे काम चालू असताना माळ्यावरच्या पेटीत तीन कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, सापडल्या. दोन वाळवीने चाळणी केलेल्या होत्या. तिसरी शके १८०९ ची, बऱ्यापैकी शाबूत. आकडे आणि तिथ्या कोणालाही लागाव्यात इतक्या स्पष्ट होत्या, बाकीची मोडी मला आडव्या उभ्या रेघांचे जाळे वाटत होती. गावातील एका निवृत्त तलाठ्यांना मोडी येते, त्यांनी सहज पाने चाळता चाळता एक ओळ वाचून दाखवली: आश्विन शुद्ध ६, शिमग्याचे बाबत कोर्टात भरले, रुपये ७६. पुढे माघ वद्य १० ला त्याच मथळ्याखाली आणखी ५० रुपये.

शिमग्याबद्दल कोणी कोर्टात पैसे भरतो का, म्हणून आम्ही दोघेही हसलो. मग मला आजीने सांगितलेली गोष्ट आठवली. माझ्या खापरपणजोबांवर त्यांच्या विधवा भावजयीने ‘खोटी फिर्याद’ केली होती आणि ‘आपण ती जिंकलो’, असे आमच्याकडे सांगत आले आहेत. आता, जिंकलेला माणूस कोर्टात पैसे कशाला भरील? हिशेबाच्या माणसाला एवढा प्रश्न पुरतो.

शक १८०९ म्हणजे इसवी सन किती, हे काढताना मी पहिली चूक केली. शकात ७८ मिळवायचे एवढेच माहीत होते, म्हणून दोन्ही नोंदी मी १८८७ च्या धरल्या. आश्विनाची नोंद सप्टेंबर १८८७ ची आहे हे बरोबर, पण माघापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, तेथे ७९ मिळवावे लागतात. दुसरी नोंद फेब्रुवारी १८८८ ची. ही चूक क्षुल्लक दिसते, परंतु न्यायालयातील नोंदवह्या इंग्रजी वर्षाप्रमाणे असतात आणि चुकीचे वर्ष लिहिलेला अर्ज ‘आढळ होत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

जूनमध्ये तहसील कार्यालयातून जमिनीचे जुने कागद काढले. आमचे गाव खोतीचे. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, पण त्याआधी एकाच गावाची खोती भाऊबंदांच्या तक्षिमांत, म्हणजे हिश्श्यांत, विभागलेली असे आणि वहिवाट पाळीने फिरत असे. ज्याची पाळी त्याने त्या वर्षी कुळांकडून वसूल करायचा आणि सरकारचा धारा, म्हणजे शेतसारा, भरायचा. १८८० चा खोती कायदा लागू झाल्यावर या तक्षिमा सरकारी दप्तरात नेमक्या नोंदल्या जाऊ लागल्या, आणि तोंडी चालत आलेले पुष्कळ व्यवहार एकदम भांडणाचे विषय झाले. आमच्या गावच्या बोटखतात, म्हणजे हिस्सेदारांच्या सरकारी नोंदवहीत, चार आण्यांच्या (पाव हिश्श्याच्या) तक्षिमीसमोर एका मुलाचे नाव आणि त्यापुढे ‘अज्ञान, पालनकर्ती आई’ म्हणून एका बाईचे नाव होते; अज्ञान म्हणजे सज्ञान न झालेला. आमच्या वंशावळीत ही बाई नाही. तिच्या नवऱ्याच्या नावाखाली ‘निपुत्रिक’ असे लिहून रेघ मारली आहे.

वंशावळीत नसलेली माणसे महसुली कागदात सापडतात, हे ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांनी लक्षात ठेवावे. घरातली वंशावळ ज्याने लिहिली त्याच्या सोयीची असते. धारा वसूल करणाऱ्याला मात्र प्रत्येक हिस्सेदार नावानिशी लागत असे.

पहिला अर्ज मी सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. त्या न्यायालयाचे नाव लिहीत नाही. दाव्याचा क्रमांक नाही, म्हणून तो दीड महिन्याने परत आला. क्रमांक हवा असेल तर नोंदवही पाहावी लागेल, नोंदवही पाहायची तर क्रमांक द्या, असे दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर दोन सज्जन माणसांनी मला अगदी शांतपणे सांगितले. त्या दिवशी परतीच्या एसटीत बसून मी हे सगळे सोडून द्यायचे ठरवले होते.

मार्ग न्यायालयाच्या एका निवृत्त शिरस्तेदारांनी (मुख्य कारकुनांनी) सुचवला. त्यांचे म्हणणे असे की, दाव्यातील पक्षकाराला नक्कल मागण्याचा अधिकार असतो, तिऱ्हाइताला कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते, आणि वारसाने आपण वारस आहोत हे कागदाने दाखवले नाही तर कार्यालयाच्या दृष्टीने तोही तिऱ्हाईतच. म्हणून दुसऱ्या अर्जासोबत मी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, बोटखताचा उतारा आणि कीर्दीच्या पानाचे छायाचित्र जोडले. ‘१८८५ ते १८८७ या तीन वर्षांच्या दिवाणी दाव्यांच्या नोंदवहीत प्रतिवादीचे अमुक नाव शोधण्याची परवानगी मिळावी’ अशी मर्यादित आणि नेमकी मागणी केली, आणि कोर्ट फी स्टँप लावून तो नोव्हेंबरमध्ये दाखल केला. जानेवारी २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ज्यांचे गाव दक्षिण कोकणात आहे त्यांनी आणखी एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी: सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्यापूर्वीचे दप्तर आज कोणत्या जिल्ह्यात आहे हे गृहीत धरून चालत नाही. माझी एक फेरी या गृहीतकापायी फुकट गेली.

नोंदवही इंग्रजीत होती, अक्षर वळणदार. तिसऱ्या दिवशी दुपारी १८८६ च्या पानांवर ते नाव सापडले. दाखल १८ जानेवारी १८८६. निकाल ३० जुलै १८८७. दाव्याचे स्वरूप या रकान्यात तोंडी बदनामीबद्दल नुकसानभरपाई, मागणी ५०० रुपये. आमचे खापरपणजोबा प्रतिवादी, आणि शेवटच्या रकान्यात निकाल त्यांच्या विरुद्ध. आजीच्या गोष्टीतील ‘आपण जिंकलो’ हे तेथेच संपले. मला वाईट वाटले की नाही हे नीट सांगता येत नाही. आजीचा राग मात्र आला, आणि ती हयात नाही म्हणून त्या रागाचे काय करावे हे कळेना.

मूळ कागदांपैकी निकालपत्र आणि हुकूमनामा एवढेच शिल्लक होते. जबान्या, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), रोजनामा (तारखांच्या कामकाजाची नोंद) हे सर्व मुदतीनंतर नष्ट केलेल्या कागदांत गेले. हे बेकायदा नाही. जुने न्यायालयीन कागद नष्ट करण्यासाठी १८७९ मध्ये आणि पुढे १९१७ मध्ये स्वतंत्र कायदे झाले आहेत, आणि सर्वसाधारणपणे निकाल व हुकूमनामा राखून बाकीचे काढून टाकले जाते. त्यामुळे ‘फाइल नष्ट झाली’ असे उत्तर मिळाले तर लगेच निराश होऊ नये. निकालपत्राची मागणी वेगळी करावी. नकला मार्च २०२३ मध्ये हाती आल्या, एकूण एकवीस पाने.

निकालपत्र इंग्रजीत आहे आणि लिहिणारे दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश नावावरून आपल्याकडचेच दिसतात. १८६९ च्या कायद्याने या न्यायाधीशांना ५००० रुपयांपर्यंतचे दावे चालवण्याचा अधिकार होता. ते पहिल्यांदा वाचले तेव्हा भांडण एका शिवीचे वाटले. चौथ्यांदा वाचले तेव्हा कळले की भांडण तक्षिमीचे होते आणि शिवी हे त्याचे हत्यार होते.

घडले ते असे. थोरला भाऊ वारल्यावर त्याच्या विधवेने नात्यातील एका मुलाला दत्तक घेतले. पुढे शके १८०६ च्या फाल्गुनात, रंगपंचमीच्या दिवशी, म्हणजे मार्च १८८५ च्या पहिल्या आठवड्यात, ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, असताना, मानकरी आणि कुळे जमलेली असताना, धाकट्या दिराने तिचे नाव घेऊन तिच्या चारित्र्याबद्दल काही शब्द उच्चारले आणि शेवटी म्हटले की तिने घेतलेला पोर दत्तक नव्हे, त्याला या घराण्याच्या खोतीत कवडी मिळायची नाही. दाव्याच्या अर्जात बदनामीचे शब्द जसेच्या तसे लिहावे लागतात. ज्या बाईबद्दल ते उच्चारले गेले तिलाच ते कारकुनापुढे बसून अक्षरशः सांगावे लागले असतील, हे माझ्या मनातून जात नाही.

तोंडी बदनामीच्या दाव्याला मुदत एक वर्षाची. १८७७ च्या मुदतीच्या कायद्यात ती तशी होती आणि १९६३ च्या आजच्या कायद्यातही तेवढीच आहे. बाई दहा महिने थांबली आणि मुदत संपायला जेमतेम दीड महिना असताना दाव्यात उतरली. या दहा महिन्यांत काय झाले, कोणी मध्यस्थी केली, कोणी समजूत काढली, याचा कागद नाही.

ती फौजदारीत का गेली नाही, हा प्रश्न मला एका वकील मैत्रिणीने विचारला. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू होती, तिच्या ४९९ आणि ५०० या कलमांत तोंडी शब्दही येत होते आणि दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा होती. तिनेच पुढे उत्तरही दिले, आणि ते मला पटले. फौजदारीत दिराला शिक्षा झाली असती, पण बाईला शिक्षा नको होती. तिला दीर पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासणीला सामोरा जायला हवा होता. दिवाणी दाव्यात ‘मी बोललो ते खरे आहे’ हा प्रतिवादीचा पुरता बचाव असतो. म्हणजे तो बचाव त्याने घेतला की दत्तकाबद्दल आणि वाटणीबद्दल त्याला शपथेवर बोलावेच लागणार.

आणि त्याने तो घेतला. कैफियतीत तीन बचाव होते. एक, मी असे काही बोललोच नाही. दोन, बोललो असेन तर तो शिमगा होता, शिमग्यात बोंब मारण्याची वहिवाट आहे, ते कोणी मनावर घेत नाही. तीन, जे बोललो ते खरेच आहे. हे तिन्ही बचाव एकमेकांचा गळा धरतात हे मला हिशेब तपासनीस असूनही दिसले. न्यायाधीशांनाही दिसले असावे, कारण तिसऱ्या बचावाकडे वळताना त्यांची भाषा किंचित कोरडी होते.

तिसऱ्या बचावामागचा कायदा समजून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. मुंबई इलाख्यात, महाराष्ट्रात, नवऱ्याची परवानगी नसतानाही विधवा दत्तक घेऊ शकते, असे उच्च न्यायालयाने १८६८ मध्ये रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात मानले होते. (या रखमाबाई वेगळ्या, डॉक्टर रखमाबाईंचा खटला पुढचा.) परंतु १८७९ मध्ये रामजी विरुद्ध घमाऊ या खटल्यात पूर्ण पीठाने एक मर्यादा घातली: कुटुंब अविभक्त असेल तर नवऱ्याची परवानगी किंवा हिस्सेदारांची संमती हवी. म्हणजे सगळे एका प्रश्नावर येऊन थांबते. नवरा मेला तेव्हा भाऊ विभक्त होते की एकत्र? एकत्र असतील तर दिराच्या संमतीवाचून दत्तक टिकणार नाही आणि चार आण्यांची तक्षीम दिराकडे येईल. विभक्त असतील तर बाईला त्याला विचारण्याचेही कारण नव्हते.

उच्च न्यायालयांच्या अशा निकालांच्या छापील संग्रहाचे, ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’चे, खंड १८७६ पासून आहेत आणि जुन्या विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते मिळतात. बाहेरच्या वाचकाला एका दिवसासाठी बसू देण्याची विनंती लेखी केली तर बहुधा नकार येत नाही. मला दोन दिवस लागले. निकालात एक मद्रासचा दाखला आहे, पार्वती विरुद्ध मन्नार, १८८४. त्यातही एका बाईबद्दल, ती नवऱ्याची लग्नाची बायको नव्हे, दुर्वर्तनामुळे ठिकठिकाणाहून हाकललेली आहे, असे तोंडी बोलले गेले होते. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे अशा तोंडी शब्दांबद्दल, प्रत्यक्ष पैशाचे नुकसान दाखवल्याशिवाय, बाईला भरपाई मिळत नसे. तेथे तो नियम १८९१ च्या कायद्याने बदलला. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र १८८४ मध्येच तो नियम इकडे लावण्यास नकार दिला होता. कोकणातील एका तालुक्याच्या न्यायाधीशाने दोन-तीन वर्षांत तो दाखला हाताशी घेतला, याचे मला कौतुक वाटते.

जबान्या मात्र नव्हत्या, आणि खरा जीव तर त्यांतच असणार. निकालपत्राच्या शेवटी, वादीला जबान्यांच्या नकला दिल्याची एक नोंद होती. त्या कोणाकडे असतील, हे उघड होते: दत्तक मुलाच्या वंशजांकडे, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. आमचे आणि त्यांचे लग्नकार्यातले जाणे-येणे माझ्या वडिलांच्या लहानपणापासून बंद आहे. मे २०२३ मध्ये, दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आल्यावर, मी तिसऱ्यांदा आत गेले. घरात पंच्याऐंशीच्या काकू होत्या. निकालपत्राची प्रत मी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, “काकू, आमच्याकडे सांगत होते ते खोटे होते. हे तुमच्याकडे असायला हवे म्हणून आणले.”

त्यांनी चष्मा शोधला, इंग्रजी पाहून कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “कोणाची म्हणायची तू?” मी वडिलांचे नाव सांगितले. “हां,” म्हणाल्या. “बस.” त्या दिवशी बाकी काही झाले नाही. आठ दिवसांनी त्यांच्या मुलाचा निरोप आला की देवघराच्या कपाटात एक रुमाल आहे, पाहायला या. कोऱ्या लाल कापडात बांधलेली सेहेचाळीस पाने होती, स्टँपच्या कागदावर, सगळी मोडीत.

कागद मी घरी मागितले नाहीत, आणि हे बरे केले. त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्या मुलासमोर, दिवसाच्या उजेडात फोनने छायाचित्रे काढली. उन्हाची तिरीप पानावर येऊ देऊ नये, घड्या जबरदस्तीने उलगडू नयेत, चिकटपट्टी तर कदापि लावू नये. आणि प्रत्येक पानासोबत एक लहान पट्टी ठेवून तीवर पानाचा क्रमांक लिहावा, कारण दोनशे छायाचित्रांनंतर कुठले पान कुठले हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

मोडीसाठी दोन मार्ग होते, लिप्यंतरकाराला पैसे देणे किंवा स्वतः शिकणे. मी दोन्ही केले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात आणि पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात तेथे, मोडीतील कागद रोज हाताळणारी माणसे भेटतात. मुळाक्षरे दोन आठवड्यांत येतात. वाचायला यायला मला पाच महिने लागले. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात आणि मग हात न उचलता तिला अक्षरे लटकवत जातात. दोन शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि कारकुनाची घाई असली की निम्मी अक्षरे अंदाजाने घ्यावी लागतात. रोज एकच पान, मोठ्याने वाचत, हा उपाय मला लागू पडला. साक्षीदाराचे बोलणे कानाला ऐकू आले की डोळ्याला अक्षर सापडते. लिप्यंतरकाराने प्रत्येक पानाला १५० रुपये घेतले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण मजकूर दिला. माझे वाचन त्याच्याशी ताडले तेव्हा माझ्या चुका शंभरावर निघाल्या आणि त्याच्या चार.

पहिल्याच पानावर ती भेटली: अमुक ‘कोम’ अमुक, वय वर्षे ३१, धंदा खोती. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि बाईच्या नावापुढे ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, अशी त्या काळच्या कागदांची रीत. त्या ‘धंदा खोती’वर मी बराच वेळ थांबले. त्याच रुमालातील रोजनाम्याच्या एका उताऱ्यात दोन तारखांना ‘वादी जातीने हजर’ असे आहे. रूढीप्रमाणे चारचौघांत न येणाऱ्या बायकांना हजेरीची माफी देण्याची तरतूद त्या वेळच्या दिवाणी कायद्यात होती, ती तिने मागितलेली दिसत नाही. त्याच वर्षी, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी डॉक्टर रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला होता. त्याची बातमी आमच्या वाडीपर्यंत पोचली होती की नाही कोण जाणे. पोचली असेल तर ती ऐकूनही ही बाई पुढच्या तारखेला तालुक्याला गेली.

शिमग्याच्या बचावावर सहा साक्षीदार झाले. एका मानकऱ्याने सांगितले की बोंब मारताना आम्ही कोणालाही सोडत नाही, खोतालाही नाही. त्यावर वादीच्या वकिलाने एकच विचारले, बोंबेत कोणी तक्षिमीचे बोलतो काय? साक्षीदाराचे उत्तर, ‘नाही, तसे ऐकले नाही.’ न्यायाधीशांनी निकालात नेमके हेच धरले आहे: सणाच्या आरडाओरड्याला वहिवाटीची माफी देता येईल, परंतु नाव घेऊन, हिश्श्याचा उल्लेख करून बोललेले शब्द सणाचे नव्हेत.

पण सगळ्यात मोलाची आहे ती माझ्या खापरपणजोबांची उलटतपासणी, साडेतीन पाने. प्रश्न अगदी घरगुती. चूल वेगळी कधी झाली? भाऊ मरण्याच्या चार वर्षे आधी. पाळीच्या वर्षाचा वसूल कोण ठेवी? ज्याची पाळी तो. हिशेबाची वही एक की दोन? दोन. देवाचे कुळाचार? तो एकत्र. भावाच्या दुखण्याचा खर्च कोणी केला? त्याच्या बायकोने. म्हणजे स्वतःच्या तोंडाने त्यांनी सांगून टाकले की कुटुंब विभक्त होते. ते हुशार गृहस्थ होते, असे आमच्याकडे म्हणतात. पण चौथ्या उत्तरापर्यंत आपण कोठे चाललो आहोत हे त्यांना कळलेले दिसत नाही, आणि कळले तेव्हा त्यांनी तब्येत बरी नसल्याचे सांगून तारीख मागितली. हे वाचताना मला हसूही आले आणि त्यांची कीवही आली.

न्यायाधीशांनी दत्तक कायदेशीर आहे की नाही यावर निर्णय दिला नाही. त्यासाठी हा दावा नव्हे, असे लिहून तो मुद्दा उघडा ठेवला. चारित्र्याबद्दलचे शब्द खोटे आणि द्वेषबुद्धीने बोललेले ठरवले, ५०० ऐवजी ७५ रुपये भरपाई आणि दाव्याचा पूर्ण खर्च दिला, आणि रक्कम हप्त्यांनी भरण्याची मुभा ठेवली. अपील झाले नाही. जबान्यांच्या नकला बाईने कशासाठी घेतल्या ते बोटखतातील पुढच्या नोंदीवरून समजते: १८८९ मध्ये दोन्ही बाजूंनी राजीनामा, म्हणजे आपसातील तडजोडीचा लेख, दिला आणि चार आण्यांची तक्षीम दत्तक मुलाच्या नावे कायम झाली. साडेतीन पानांच्या उलटतपासणीनंतर दिराकडे लढायला काही उरलेच नव्हते.

खर्चाचे विचाराल तर दोन वर्षांत माझे साधारण १९००० रुपये गेले. त्यांतील ६९०० लिप्यंतराचे, सरकारी नकला आणि स्टँप मिळून हजाराच्या आत, आणि बाकी सगळा प्रवास. न्यायालयात एकूण नऊ फेऱ्या झाल्या. पहिल्या अर्जालाच वारसाचे कागद जोडले असते तर त्या पाच झाल्या असत्या. सोमवारी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी जाऊ नये. नक्कल हाती आली की तेथेच उभे राहून पाने मोजावीत. माझे एक पान राहिले होते आणि त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला.

लिप्यंतराची छापील प्रत घेऊन मी २०२४ च्या शिमग्याला गावी गेले, कारण कोकणातील घरे त्या दिवसांत आणि गणपतीतच भरलेली असतात. काकूंच्या ओसरीवर त्यांच्या दोन्ही सुना, मुलगे, मुंबईहून आलेले नातू असे सगळे बसले होते. मी उलटतपासणी वाचून दाखवली. काकूंनी मध्ये एकदाच थांबवले आणि त्या बाईचे वय पुन्हा वाचायला लावले. मग हुकूमनाम्याची मागची बाजू वाचली, जेथे खर्चाचा तपशील आहे: कोर्ट फी ३७ रुपये ८ आणे, वकील फी १५ रुपये, समन्स आणि साक्षीदारांचा भत्ता ९ रुपये १२ आणे, किरकोळ स्टँप १ रुपया; एकूण खर्च ६३ रुपये ४ आणे, भरपाई धरून १३८ रुपये ४ आणे.

“आणि तुमच्याकडे किती भरल्याची नोंद आहे म्हणालीस?” काकूंनी विचारले.

मी कीर्दीच्या पानाचे छायाचित्र दाखवले. शहात्तर आणि पन्नास. तिसऱ्या नोंदीसाठी मी पुढची सगळी पाने शोधली होती, पण फाल्गुनानंतरची वाळवीने खाल्लेली आहेत. काकूंनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला, माझ्यापेक्षा लवकर.

“बारा रुपये चार आणे राहिले,” त्या म्हणाल्या, आणि सुनेला माझ्यासाठी कोकमाचे सरबत आणायला सांगितले. “सावकाश द्या.”